जोडीचा पाय

आमच्या दारात कुणाची एकटी चप्पल दिसली की माझ्या तोंडून आपोआप निघतं, "जोडीची कुठाय?" सुना हसतात. त्यांना वाटतं म्हातारीला पसारा खपत नाही. पण ही सवय मुळात माझी नाहीच. ती आमच्या एका भाडेकरूची, साठ-पासष्ट सालच्या सुमाराची, आणि ती मला कशी लागली ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल.

त्यांचं नाव लिहीत नाही. आम्ही त्यांना काका म्हणायचो. बाकी चिंचणी त्यांना उंदीरवाले म्हणायची. ते आले तेव्हा बैलगाडीतून लोखंडी पिंजरे उतरले, वर ओलं गोणपाट टाकलेलं. गोणपाट उचललं तर आत पांढरे शुभ्र, लाल डोळ्यांचे उंदीर. माझ्या आत्यानं तिथल्या तिथे पदर नाकाला लावला आणि बाबांना विचारलं, तुला दुसरा कोणी भाडेकरू मिळाला नाही का? तेव्हा तिकडे बोईसरच्या बाजूला अणुभट्टीचं काम जोरात सुरू होतं. जीपगाड्या, पाटलोणी घातलेले परगावचे लोक, रोज काहीतरी नवं. त्यामुळे गावानं ठरवून टाकलं की हा अणूचा माणूस, आणि अणू फुटायच्या आधी उंदीर कान टवकारतात म्हणून सरकारनं ते गावात ठेवलेत. कितीतरी दिवस शेजारपाजारचे लोक वाडीच्या कुंपणावरून विचारायचे, उंदीर गप हायत ना?

काका अणूचे नव्हते. मुंबईच्या एका प्रयोगशाळेत कॅन्सरवर काम चालायचं, तिथे ते होते. डॉक्टर नव्हते, मोठे साहेबही नव्हते. उंदराच्या हाडाचे पातळ पातळ काप करून काचेवर चिकटवायचे आणि बघायचे, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. तिथल्या जनावरांच्या खोलीत साथ आली, तेव्हा चांगल्या वाणाचे उंदीर कुठेतरी लांब, मोकळ्या हवेत जगवायचे ठरलं. काकांची छाती अधू होती, त्यांनाही समुद्राची हवा सांगितलेली. म्हणून दोघांनाही एकदमच पाठवलं, असं ते म्हणायचे. आमच्याकडे होते ते सगळे उंदीर धडधाकट, आजारी एकही नाही, हे आम्ही गावाला सांगून सांगून थकलो.

उंदरांशी ते अहोजाहो बोलायचे. "चला, सरका जरा, पाणी बदलायचंय." आमच्या बाबांना मात्र एकदम "अरे". बाबांना राग यायचा. वयानं दोघे बरोबरीचेच होते.

आणि कुठलीही एकटी वस्तू त्यांना बघवायची नाही. आत्यानं त्यांना एक वांगं दिलं तर ते दुसरं मागायचे, शेजारी ठेवायचे, दोन्ही उलटीपालटी करून बघायचे आणि मग एक परत द्यायचे. माझा गाल दाढेनं सुजला तर आधी चांगला गाल चाचपला. बाबा शेजाऱ्याबद्दल, तो बांध कसा कोरतो त्याबद्दल, तावातावानं सांगायला लागले की काका पूर्ण ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बरं. आता जोडीचा आण."

"जोडीचा म्हणजे?"

"तो शेजारी. त्याचंही ऐकू."

बाबा दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

ही खोड त्यांना कामातून लागली होती. प्रयोगशाळेत उंदराच्या एका पायात गाठ वाढवायचे, दुसरा पाय तसाच ठेवायचे. मग दोन्ही पायांचे फोटो, म्हणजे एक्स-रे, एकाच वेळी काढायचे, आणि दोन्ही पायांच्या हाडांचे काप करायचे. नुसत्या आजारी पायाकडे बघून काही बोलायचं नाही, असा त्यांचा नेम. त्यापायी ते एकदा पोळले होते, ते त्यांनी मला स्वतः सांगितलं. तरुणपणी एका खेपेच्या उंदरांची हाडं विरविरीत दिसली आणि त्यांनी वहीत लिहून टाकलं, गाठीनं खाल्ली. वर्षभर तसंच लिहीत राहिले. मग कुणीतरी सहज त्यांच्या चांगल्या पायाचे काप बघितले, तर तेही तसेच. चौकशी केली तेव्हा कळलं, उंदरांना अंधाऱ्या खोलीत हलवलं होतं आणि त्यांच्या खाण्यात माशाचं तेल घालायचं कुणीतरी बंद केलं होतं. सगळी मेहनत फुकट. "वर्षभर मी एका डोळ्यानं बघत होतो," असं म्हणून त्यांनी खरंच एक डोळा मिटून मला दाखवला होता.

मी सातवीपर्यंत शिकलेली. पुढची शाळा आईच्या दुखण्यात सुटली. घरात माझ्या वयाचं कुणी बोलायला नसायचं, म्हणून मी काकांच्या टेबलाशी जाऊन बसायची. ते टेबल हाही एक तमाशाच. त्यांच्या मायक्रोस्कोपला खाली आरसा होता आणि त्याला उजेड लागायचा. आमच्या घरात तेव्हा वीज नव्हती. त्यामुळे सकाळी टेबल ओटीवर, दुपारी चिकूखाली जिथे कवडसा पडेल तिथे, संध्याकाळी परसात. दिवसभर हा माणूस उन्हामागे टेबल ओढत फिरायचा. वाडीतल्या केळ्यांना पाणी लावायचं काम चाललेलं असलं की गडी त्यांना वळसा घालून पाट काढायचे.

एकदा त्यांनी कोंबड्याच्या तंगडीचं हाड औषधाच्या बाटलीत टाकून ठेवलं. काही दिवसांनी काढलं, धुतलं आणि त्याची चक्क गाठ मारली, दोरीला मारतात तशी. मी बघतच राहिले. म्हणाले, ह्यातला चुना निघून गेला. हाड म्हणजे काय, चुना आणि चिवट दोऱ्या. चुना गेला की हाड दिसतं तसंच, पण उभं राहत नाही.

मग त्यांनी मला काचेवरचं हाड दाखवलं. गुलाबी भिंत, तिला एका बाजूनं चावे घेतल्यासारखे खळगे. मी विचारलं, हे गाठीनं खाल्लं? तर एकदम उखडले. "गाठीला दात असतात का?" त्यांचं म्हणणं असं होतं: आपल्या हाडात जन्मभर दोन टोळ्या राबत असतात. एक जुनं पाडते, दुसरी नवं बांधते, तिकडे बोईसरला चाललंय तसंच. गाठ स्वतः पाडत नाही. ती शेजारी येऊन बसते आणि पाडणाऱ्यांना चिथावते. बांधणारे मागे पडतात. "खळग्यात कोण बसलंय बघ. गाठ बसलीय का? ती मागे आहे, लांब. खळग्यात बसलेत ते आपलेच." त्यांच्या साहेबांना हे पटत नव्हतं. गाठच हाड कुरतडते असं साहेबांचं मत, आणि साहेबांच्या मताचंच छापून यायचं. काका तक्रार करत नसत. काचांच्या पेट्या मात्र त्यांनी मुंबईहून मांडीवर घेऊन आणल्या होत्या.

भाद्रपदात सर्वपित्रीला आत्यानं पितरांचं पान वाढलं. काका आले, म्हणाले मलाही एक केळीचं पान द्या. आम्हाला वाटलं आईवडिलांसाठी. त्यांनी पानावर भिजवलेले हरभरे, चपातीचा चुरा आणि खोबऱ्याचे तुकडे ठेवले, परसातल्या दगडावर पान मांडलं आणि हात जोडून उभे राहिले. त्यांच्या प्रयोगशाळेत मेलेल्या उंदरांसाठी. आत्याला हसू आवरेना. गडी हसले, मीही हसले. कावळा आला आणि खोबरं घेऊन गेला, तेव्हा तर जास्तच.

आई हसली नाही. ती माजघराच्या दाराच्या फटीतून बघत होती. मला म्हणाली, "बरं करतात. त्यांच्यासाठी दुसरं कोण करणार?"

आता आईचं सांगते. काका यायच्या दोन वर्षं आधी तिच्या छातीत गाठ निघाली. मुंबईला ऑपरेशन झालं, मग लाईट दिली, म्हणजे मशीनचे किरण. निघताना तिथल्या नर्सबाईंनी बजावलं होतं, लाईट दिलेल्या कातडीला ऊन लागू देऊ नका. एवढंच. आमच्या आत्यानं ते घरी येईपर्यंत मनात घोळवून घोळवून वाढवलं. ऊन कातडीला वाईट तर आतल्या गाठीला किती वाईट. उन्हानं ती जागी व्हायची. म्हणून आईला माजघरात ठेवलं. खिडकीला गोणपाट ठोकलं. ते मी ठोकलं, माझ्या हातानं, चांगले आठ खिळे मारून. कुणी म्हणालं मासळीनं गाठ वाढते, मासळी बंद केली. कुणी म्हणालं दुधानं वाढते, दूध बंद. समुद्राकाठचं घर, आणि आई दोन वर्षं पेज आणि दुधीवर. आत्या स्वतः तिच्यासाठी वेगळं शिजवायची, तिनं स्वतःही मासळी तोंडाला लावली नाही. आई सगळं निमूट करायची. आम्ही इतकं राखतोय म्हणजे ती राहणार, असं आम्हा सगळ्यांच्या मनात.

त्या वर्षी दिवाळीच्या आगेमागे आईच्या उजव्या मांडीत कळ यायला लागली. आधी उंबरा ओलांडताना, मग कूस बदलतानाही. चालणं बदकासारखं झालं. बाबांनी मासवणच्या एका स्थळाकडे घाईनं निरोप धाडला. माझं लग्न आईच्या डोळ्यांदेखत उरकावं, हे मला कळलं, आणि का ते पण कळलं.

पालघरला एका डॉक्टरांकडे एक्स-रेचं मशीन होतं. त्यांनी दुखऱ्या मांडीचा फोटो काढला. हाडाच्या आतल्या अंगाला एक फिकी पट्टी होती, आडवी, चिरा गेल्यासारखी. डॉक्टर भले माणूस. आधीचं ऑपरेशन त्यांना माहीत होतं. बाबांना बाजूला घेऊन म्हणाले, गाठ हाडात उतरलेली दिसते, मुंबईला दाखवा, पण मनाची तयारी ठेवा. परतीच्या एसटीत बाबांनी तो फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर धरला होता. बोईसर गेलं, तारापूर गेलं. आई म्हणाली, "वांगी काढायला झाली असतील."

दुसऱ्या दिवशी मी तो फोटो काकांच्या टेबलावर नेऊन ठेवला. ते मागे सरकले. "मी माणसांचा नाही, मुली. मी उंदरांचा." मी म्हटलं, नुसतं बघा. त्यांनी बघितलं नाही. त्याच्यावर वर्तमानपत्र ओढलं. मी रागानं निघून आले, फोटो तिथेच टाकून. आयुष्यभर ह्याच एका गोष्टीकडे बघत आलेला माणूस आमच्या वेळेला तोंड फिरवतो, असंच मला वाटलं.

तीन दिवस टेबल हललं नाही. ऊन सरकत गेलं तरी काका ओटीवरच बसून राहिले. ताट जसंच्या तसं परत यायचं. चौथ्या दिवशी सकाळी, जन्मात कधी नाही ते, काका स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. हातात फोटो.

"जोडीचा पाय कुठे आहे?"

आत्या चुलीपासून उठली. आधीच रडून रडून तिचे डोळे सुजलेले. म्हणाली, "दुखतो त्या पायाचा फोटो काढलाय. न दुखणाऱ्याचा कशाला काढतील? तुमी काय आमची चेष्टा करता का?"

"त्याचा काढून आणा. त्याशिवाय मी बोलणार नाही."

बाबा वाडीतून आले आणि तेही भडकले. पुन्हा पालघर, पुन्हा तिला धक्के, आणि कशासाठी, तर ह्यांच्या खोडीसाठी. बरंच बोलले. उंदीर घेऊन चालते व्हा, इथपर्यंत बोलले. काका दारातून हलले नाहीत.

आई माजघरातून भिंत धरधरून आली. "मी जाते," ती म्हणाली. "दुसरा पायपण दुखतो थोडा. तुमाला सांगितलं नव्हतं, उगाच काळजी कशाला." आणि मग काकांकडे बघून, "ह्यांनी ह्या घरात आजवर एक वांगं नाय तर एक पान मागितलं. आज हे मागतात तर देऊया."

काका बरोबर निघाले. म्हणजे उंदरांना कोण बघणार, हा प्रश्न. गड्यांनी कानांवर हात ठेवले. शेवटी आत्या म्हणाली, मी बघते. पदर नाकाला लावून तिनं पाणी कसं बदलायचं ते शिकून घेतलं, आणि काकांनी बजावलं, रागावून बोलू नका, ते जेवत नाहीत.

पालघरच्या डॉक्टरांनी हसत हसतच फोटो काढला, म्हाताऱ्याची हौस म्हणून. फिल्म वाळेपर्यंत आम्ही बाकावर बसलो. काका उभेच होते. मग त्यांनी दोन्ही फिल्मा हातात घेतल्या, दवाखान्याच्या पायरीवर भर उन्हात गेले आणि एक उलटी करून दुसरीवर ठेवली. सरकवली, नीट जुळवली. मी त्यांच्या कोपराखालून बघत होते. आतल्या अंगाची ती फिकी पट्टी दोन्ही पायांत होती. त्याच जागी, तेवढीच. एकीवर एक अगदी चपखल बसली.

काका खाली पायरीवर बसले.

"गाठ अशी दोन्हीकडे मोजून बसत नाही," ते डॉक्टरांना म्हणाले. "आजवर मी एकदाही बघितलेली नाही." मग माझ्याकडे वळले. "ही खाते काय? बसते कुठे?"

मी सांगायला लागले. पेज, दुधी. मासळी नाही, दूध नाही. माजघर. खिडकीला गोणपाट. बोलता बोलता मलाच ते ऐकू यायला लागलं. अंधारी खोली, बंद झालेलं माशाचं तेल. मी मध्येच थांबले. काकांनी एक डोळा मिटला आणि उघडला.

डॉक्टरांनी दोन्ही फिल्मा पुन्हा नीट लावून बघितल्या आणि मान डोलावली. पण काकांनी हट्ट धरला, मी उंदरांचा, माणसांच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवा. मुंबईला नेलं. रक्त तपासलं, आणखी फोटो काढले. आठवडाभर आम्ही श्वास धरून. तिथले डॉक्टर म्हणाले, गाठ कुठेही नाही. हाडं मऊ पडलीत, चुना धरत नाहीत. ऊन नाही, खाणं नाही, दुसरं काय होणार? औषधाचे थेंब दिले, गोळ्या दिल्या. आणि म्हणाले, जुनी जागा पदराखाली झाका आणि बाईंना खुशाल उन्हात बसवा.

बाबा हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर उसाचा रस प्यायले, एकापाठोपाठ तीन पेले, आणि चौथा काकांसाठी घेऊन चिंचणीपर्यंत कसा न्यायचा ते विचारत होते. त्यांच्या डोक्याचं काय झालं होतं कोण जाणे.

घरी आल्यावर गोणपाट मी काढलं. आठही खिळे. उजेड आत आला तशी माजघराची भिंत किती काळी झाली होती ते दिसलं. आत्या मात्र एका कोपऱ्यात बसून राहिली. दोन दिवस जेवली नाही. सगळं मीच केलं, मीच तिला मारत होते, हेच तिचं चाललेलं. आईनं मांदेल्या तळायला सांगितल्या, काट्यासकट खातात त्या, आणि ताट घेऊन तिच्यासमोर बसली.

"वन्सं, खावा."

"नको मला."

"तुमी दोन वर्षं माझ्यापायी मासळी सोडली. मी सगळं बघत होते ना. आता दोघी खाऊ." आणि पहिला घास तिनं आत्याच्या तोंडात घातला. आत्या रडत रडत चावत होती. मग म्हणाली, मीठ कमी हाय. तेव्हा आम्हाला कळलं, ही पण बरी होणार.

मासवणच्या स्थळाला बाबांनी कळवलं, घाई नाही. माझं लग्न दोन वर्षांनी झालं, दुसरीकडे, आणि आईनं त्यात सगळ्यांच्या पुढे चालत जाऊन हळद दळली.

त्या थंडीत आमच्या वाडीत एक नवीनच मिरवणूक निघायला लागली. काकांचं टेबल आणि आईची बाज. सकाळी ओटीवर, दुपारी चिकूखालच्या कवडशात, संध्याकाळी परसात. आईच्या पायांवरचं ऊन आधी सरायचं, म्हणून तीच सांगायची, "भाऊ, चला, उठा, उजेड गेला." आणि काका निमूट टेबल उचलायचे. माझ्या बाबांना अरे म्हणणारा माणूस तिला कायम ताई म्हणायचा. बाबाही त्या दिवसांत त्यांच्याशी बोलायला लागले. बांधाचा शेजारी एकदा खरंच घरी आला, जोडीचा म्हणून. भांडण मिटलं नाही, पण चहा झाला.

उन्हाळा सरता सरता मुंबईहून निरोप आला, खोली स्वच्छ झाली, जनावरं परत आणा. पिंजरे गाडीत चढले. शेवटचा पिंजरा आत्यानं स्वतः आणून दिला, पदर खांद्यावर. आत बघून म्हणाली, "जपून जा." काकांनी काचांच्या पेट्या मांडीवर घेतल्या. मी विचारलं, ते खळग्यांचं तुमचं छापून येईल का? म्हणाले, माझं नाही येणार. कुणाचं तरी येईल. खळगे काही हलत नाहीत तिथून.

फिल्मा त्यांनी मागितल्या नाहीत. आईनं त्या एकीवर एक ठेवून, कापडात बांधून पेटीत ठेवल्या. आई पुढे पुष्कळ वर्षं जगली, माझी बाळंतपणं तिनं केली, नातवंडांना खांद्यावर घेतलं. दर सर्वपित्रीला परसातल्या दगडावर तिचं एक पान असायचं. हरभरे, चपातीचा चुरा, खोबरं. काका गेल्याचं कळलं त्या वर्षी त्याच पानावर तिनं दोन तळलेल्या मांदेल्या ठेवल्या, तेही शेजारी शेजारी.

आता ते पान मी वाढते. परवा धाकट्या सुनेनं विचारलं, आई, हे कुणाचं? मी म्हटलं, उंदरांचं. तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप नाही ना ते बघितलं. मी म्हटलं, बस, सगळं सांगते. पण आधी माझी खुर्ची तेवढी पलीकडे सरकव बाई, पायांवरचं ऊन गेलं.